जुन्या रिव्हॉल्व्हरची लाकडी मूठ: घासायची की नुसती पुसायची?

खिटी

मंडळी, सल्ला हवा आहे. मामांचं जुनं रिव्हॉल्व्हर आहे, परवाना त्यांच्याच नावावर. पोलाद अजून ठणठणीत, पण मुठीच्या लाकडाची पार रया गेलीय. डाव्या फळीवर दोन पोचे आणि खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला. उजव्या फळीला स्क्रूच्या भोकापासून खाली गेलेली केसाएवढी चीर. स्क्रूभोवती काळा डाग. चौकडीची नक्षी तर तळहात बसतो तिथे इतकी झिजलीय की बोट फिरवलं तरी कळत नाही. मामा म्हणतात, नवीन बसवून टाक. मला मात्र हीच हवी आहे.

बेत असा आहे: ८० नंबरचा सँडपेपर घेऊन सगळं एकसारखं घासायचं, टवक्यात लांबी (पुट्टी) भरायची आणि वर वॉर्निशचे दोन हात. काही चुकतंय का?

जुनाकानस

सँडपेपर पाकिटातच राहू दे रे बाबा. ८० नंबर तर दाराच्या चौकटीलाही जरा जास्तच होतो.

सगळ्यात आधी हत्यार रिकामं. ते मामांनी स्वतः करायचं, आणि सिलिंडरचं एकेक घर तूही डोळ्यांनी बघायचंस. गोळ्या दुसऱ्या खोलीत. फळ्या निघाल्या की उरलेलं हत्यार मामांच्या कपाटात कुलूपबंद. तुझ्या टेबलावर फक्त लाकूड.

आता घासायचं का नाही ते सांगतो. जुन्या चांगल्या हत्यारांत फळी आणि सांगाडा कारखान्यातच एकत्र जुळवलेले असतात. काठाला लाकूड धातूच्या बरोबरीत, नाहीतर केसभर वर. फळी सुटी हातात धरून घासलीस की पहिल्यांदा कडाच गोल होतात. मग बसवल्यावर लाकूड धातूच्या खाली जातं, सांगाड्याची धार तळहाताला लागायला लागते आणि काही केल्या ती फट बुजत नाही. मी स्वतः हे केलंय, म्हणून इतकं तोंड वर करून सांगतोय.

फळ्या काढताना खाचेत गच्च बसेल असाच पेचकस घे. घरातल्या निमुळत्या टोकाच्या पेचकसाने खाचेचे कान फाटतात. स्क्रू पूर्ण काढायची घाई करू नकोस. तीनचार आटे सैल कर आणि पेचकसाच्या मुठीने स्क्रूच्या डोक्यावर हलकं टिचकवून दाब. पलीकडची फळी आतून ढकलली जाऊन आपोआप सुटते. कडेला पातं घालून उचकटायचं नाही. निम्मे टवके तिथेच उडतात.

चकचकीत

काका, इतकं कुठे नाजूक असतं? मी माझ्या दोन्ही फळ्या घासून पॉलियुरेथेनचे चार हात दिले. आरसा झालाय आरसा.

जुनाकानस

आणि चौकडी?

चकचकीत

ती गेली. गुळगुळीतच बरी दिसते.

नेमबाज२२

दिसेल हो. घाम सुटला की मग सांगा. ती नक्षी शोभेची नाही, पकडीची आहे.

शिसवी

मी चाकूंच्या मुठी करते, बंदुकीतलं मला फार कळत नाही. पण लाकूड दोन्हीकडे सारखंच वागतं. खिटी, काही लावायच्या किंवा काढायच्या आधी दोन गोष्टी बघा: लाकूड कुठलं आणि त्यावर आत्ता काय आहे.

अक्रोड असेल तर सोपं आहे. शिसवीसारखं तेलकट, जड लाकूड असेल तर पुढचं सगळं बदलतं. त्याच्या अंगातल्या द्रव्यांमुळे वरून लावलेलं जवसाचं तेल वाळतच नाही, आठवडाभर चिकट राहतं. ॲसिटोनने पुसलं तर रंग सुटतो. भुसा अंगावर उठतो तो वेगळाच. माझ्या मनगटावर एकदा आठ दिवस पुरळ होतं. मास्क आणि पूर्ण बाह्या.

वरचा लेप ओळखायला कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचा थेंब घ्या आणि आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी टेकवा. चिकट झालं तर चपडी लाख. स्पिरिटला दाद दिली नाही पण लॅकर थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन. बोळा नुसताच तपकिरी झाला आणि खाली कोरडं लाकूड दिसलं तर लेप बहुधा नाहीच, तो मळ आहे.

खिटी

शिसवीताई, अक्रोड आहे असं वाटतंय. हलकं आहे, तपकिरी, मधूनमधून गडद रेघा. स्पिरिटने किंचित चिकट झालं, म्हणजे लाख. बोळा काळाकुट्ट.

फळ्या निघाल्या. काकांची टिचकीची युक्ती पहिल्या फटक्यात चालली. पण आत बघतो तर सांगाड्याला टेकणारं लाकूड काळं आणि मऊ. नख रुततंय. सडलं की काय?

जुनाकानस

सडलं नसेल, तेल प्यायलंय. मामा काळजीने दर महिन्याला चार थेंब जास्तच सोडत असतील. पोलादावरचं तेल फटीतून उतरतं आणि लाकूड वर्षानुवर्षं ते शोषत बसतं. तेल भरलेलं लाकूड मऊ पडतं आणि त्यावर गोंद धरत नाही. म्हणून चिरेच्या आधी तेल काढायचं.

व्हाइटिंग म्हणून पांढरी पूड मिळते, कॅल्शियम कार्बोनेटच ते. ॲसिटोनमध्ये कालवून दाट लेप कर आणि आतल्या बाजूला फास. ॲसिटोन उडून जाताना तेल वर ओढतं आणि पूड ते पिते. वाळली की पूड पिवळट तपकिरी दिसेल. ब्रशने झाड, पुन्हा लाव. पूड पांढरीच राहीपर्यंत. तीन वेळा पुरेल किंवा दहा वेळा लागेल, लाकूड किती प्यायलंय त्यावर.

खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवापुढचा दिवाही नको. ॲसिटोनची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. फळी खरोखर लाकडाची आहे ना हेही बघ. सेल्युलॉइड किंवा तसल्या प्लास्टिकवर ॲसिटोन पडलं तर फळीचा चिखल होईल.

नेमबाज२२

थांबा थांबा. आतल्या बाजूला काही लिहिलंय का ते आधी बघ! स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत उजव्या फळीच्या आत हत्याराचाच नंबर पेन्सिलने लिहिलेला किंवा ठोकलेला असतो. तो जुळला तर फळ्या मूळच्या. ॲसिटोनच्या लेपाने चोळलंस तर पेन्सिल गेलीच म्हणून समज.

खिटी

नेमबाजभाऊ, तुमचे पाय धरतो. तिरपा टॉर्च मारला तर काळ्या डागाच्या शेजारी पुसट आकडे. चार नीट वाचता आले, दोन अंदाजाने. सांगाड्याच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळतायत. मघाशीच मी ही बाजू सपाट करायला काचेवर सँडपेपर चिकटवून ठेवला होता, कारण फळी थोडी डुगडुगत होती.

शिसवी

अगं बाई! त्या जागेवर कागदाचा तुकडा ठेवून भोवतीने लेप लावा. फोटो आत्ताच काढून ठेवा.

खिटी

चार दिवसांनी हजर. आकड्यांची जागा सोडून सात वेळा लेप दिला. पहिली पूड तर गुळासारखी निघाली. आता नख रुतत नाही. बाहेरून नुसतं मिनरल स्पिरिट आणि जुना मऊ टूथब्रश. ब्रश चौकडीत फिरवला आणि काय सांगू, नक्षी "झिजली" होती त्यातली निम्मी झिजलेलीच नव्हती. मळाने भरली होती. मधल्या पट्ट्यातच हिरे, म्हणजे रेषांमधले टोकदार उंचवटे, खरोखर बसलेत.

आता पोचे. इस्त्री म्हणतात ती कशी करायची?

जुनाकानस

सुती फडकं ओलं करून घट्ट पिळ, पोच्यावर एकच पदर ठेव आणि इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकव. वाफ आत शिरते, दबलेले तंतू फुगून वर येतात. उचल, बघ, पुन्हा. चौकडीवर इस्त्री नको. आणि वाफ शिरायची तर त्या जागेवरची लाख आधी स्पिरिटने काढावी लागेल. नाहीतर लाखेवर पांढरा ढग उठेल आणि पोचा तिथेच.

दबलेलं वर येतं, कापलेलं येत नाही. तंतू तुटले असतील तर दिवसभर इस्त्री फिरवलीस तरी ती खाच राहणार.

खिटी

एक पोचा पूर्ण गेला, शोधूनही सापडत नाही. दुसरा निम्मा वर आला आणि मधे एक आडवी खाच राहिली. कशाच्या तरी धारेवर पडलंय. राहू दे.

आडोसा

वाचतोय. स्क्रूभोवतीच्या काळ्या डागाचं काय?

शिसवी

तो शाई आहे, अगदी खरीखुरी. अक्रोडात टॅनिन असतं. स्क्रूचं लोखंड, ओल आणि टॅनिन एकत्र आलं की काळी शाई तयार होते. पूर्वी लिहायची शाई याच मेळातून बनवत. घासून जात नाही, खोल गेलेली असते. कपडे धुवायचं ब्लीच लावू नका, त्याने लाकूड फटफटीत होतं आणि डाग मात्र तसाच.

ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. कोमट पाण्यात विरघळवून कुंचल्याने फक्त डागावर. काचेचं किंवा प्लास्टिकचं भांडं, लोखंडाचं अजिबात नको. अर्ध्या तासात डाग राखाडी होत जातो. मग ओल्या कापडाने दोनतीनदा नीट पुसून घ्या आणि दोन दिवस सावलीत वाळवा. विषारी आहे, हातमोजे घाला. वाळल्यावर वर पांढरी पूड राहिली तर कोरडी घासू नका, नाकात जाते. पुन्हा ओल्या कापडाने पुसा. त्या जागी लाकूड थोडं फिकं दिसेल, तेल लागलं की बरंचसं मिळून येतं. स्क्रूला पुसटसं मेण लावलं की नवी शाई तयार व्हायला वेळ लागतो.

खिटी

डाग गेला. नव्वद टक्के. चीर मात्र आता जास्त उठून दिसतेय. सुपरग्लू सोडू का?

जुनाकानस

चीर का पडली ते कळलं का? लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. कोरड्या दिवसांत फळी आकसायला बघते आणि स्क्रू तिला धरून ठेवतो. त्यात कोणीतरी स्क्रू पिळून पिळून आवळलेला. चीर भोकापासूनच निघाली, यातच सगळं आलं. पुढे बसवताना स्क्रू दोन बोटांच्या जोराने टेकला की थांबायचं.

पातळ सुपरग्लू केसाएवढ्या चिरेत आपणहून धावतो, त्यामुळे चीर आरपार नसेल तर तोच बरा. आधी ॲसिटोनचा एक थेंब सोडून आतलं तेल काढ आणि तासभर वाळू दे. भोवती मेणाचा हात फिरव, म्हणजे ओघळ चौकडीत जाणार नाही. आरपार असेल तर सावकाश धरणारं एपॉक्सी. चीर किंचित उघडून आत सरकव, मेणकागदात गुंडाळ आणि रबरबँडने बांध. शिकंजा नको. गोलसर फळीवर तो कुठेतरी दुसरी चीर पाडतो.

डुगडुगीचं कारण बहुतेक खालच्या खिळीचं भोक. सांगाड्यातली ती छोटी खिळी फळीला जागेवर धरते. बार उडताना फळी केसभर सरकते आणि भोक मोठं होत जातं. भोकात एपॉक्सीचा थेंब, खिळीवर आणि आसपासच्या धातूवर मेणाचा चांगला थर, बसव, धरलं की काढ. मेण विसरलास तर फळी आयुष्यभरासाठी बसली. हे मात्र हत्यारावर करायचं आहे, तेव्हा मामा समोर हवेत आणि सिलिंडर पुन्हा बघायचं.

खिटी

चीर आरपार नव्हती, सुपरग्लू झाला. खिळीचंही झालं. मेण दोनदा लावलं, भीतीपोटी.

टवक्याला लांबी नको म्हणता का?

शिसवी

लांबी नको आणि भुसा-एपॉक्सीही नको. भुसा गोंदात भिजला की जवळजवळ काळा होतो आणि कोपऱ्यावर डाग पडल्यासारखा दिसतो. बारीक छिद्रापुरता ठीक. कोपऱ्याला लाकडालाच लाकूड जोडायचं. तुटलेला भाग कानशीने तिरका, सपाट करून घ्या. अक्रोडाचा तुकडा असा निवडा की त्याच्या रेघा फळीच्या रेघांच्याच दिशेने धावतील. रंगापेक्षा दिशा महत्त्वाची. रंग नंतर जुळवता येतो, उलट्या रेघा प्रत्येक उजेडात वेगळ्या चमकतात आणि चुगली करतात. तुकडा मुद्दाम मोठा ठेवून चिकटवा, आकार नंतर द्या. सांध्याची रेघ चौकडीच्या किनारीवर येत असेल तर ती कोणाला दिसतच नाही.

नेमबाज२२

टवक्यावरून आठवलं. ल्यूगर पी०८ या जर्मन पिस्तुलाच्या डाव्या फळीला वर सेफ्टीच्या खटक्यापाशी लाकूड अगदी पातळ असतं आणि टवका नेमका तिथेच उडतो. आणि १९११ पिस्तुलात फळीचे स्क्रू सांगाड्यात थेट न बसता छोट्या बुशांत, म्हणजे आटे असलेल्या धातूच्या नळ्यांत, बसतात. स्क्रू काढताना बूशच फिरून बाहेर आलं तर घाबरू नका, पण तसंच आवळूही नका, ते नीट बसवून घ्यावं लागतं. त्या पिस्तुलाच्या मूळ अक्रोडी फळ्यांवर प्रत्येक स्क्रूभोवती चौकडीविना एक मोकळा हिरा सोडलेला असायचा; दुसऱ्या महायुद्धापर्यंत मात्र सरकारी पिस्तुलांवर प्लास्टिकच्या फळ्या आल्या. तो हिरा सँडपेपरने पुसट झालेला दिसला की माझा जीव कळवळतो.

जुनाकानस

आता चौकडी. इथे हात सैल सोडायचा नाही.

नव्या रेषा आखायच्या नाहीत, जुन्याच खोल करायच्या. एका इंचात वीस रेषा असतील तर दोन रेषांत १.२७ मिलिमीटर अंतर. ६० अंशाच्या दातऱ्याने (खाचा कोरायचं दातेरी अवजार) हिऱ्याला पूर्ण टोक येईपर्यंत जेमतेम १.१ मिलिमीटर खोली जाते, ९० अंशाच्या दातऱ्याने त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. जुनी खाच कुठल्या कोनाची आहे ते चांगल्या राहिलेल्या कोपऱ्यात बघ आणि तसाच दातरा घे. दातरा नसेल तर बारीक तिधारी कानशीचं टोक चालतं.

सुरुवात चांगल्या भागातून कर. तिथली खाच दातऱ्याला वाट दाखवते. मग झिजलेल्या भागात सरकत जा. आखूड हात, बोटभर लांबीचे. एक रेष एकदम खोल नेऊ नकोस. एका दिशेच्या सगळ्या रेषांना एकेक हलका हात, मग दुसऱ्या दिशेच्या, मग पुन्हा पहिल्या. किनारीच्या एक-दोन मिलिमीटर आधी थांब आणि शेवटचा तुकडा उलट्या बाजूने आत ओढ. किनार ओलांडून गेलेली रेघ झाकता येत नाही. दिवा बाजूने, टेबलाच्या पातळीवर. वरून उजेड असेल तर खाच दिसतच नाही, तुला वाटेल आपण बरोबर चाललोय.

हिरे नव्यासारखे टोकदार करायला जाऊ नकोस. आजूबाजूचे गोलसर आहेत, मधलेच टोचरे झाले तर ठिगळ लावल्यासारखं दिसेल.

खिटी

तीन रात्री गेल्या. पहिल्या रात्री दातरा एकदा घसरला, किनारीबाहेर तांदळाएवढा ओरखडा. तिसऱ्या रात्री हात असा बसला की थांबवेना.

कोपऱ्याचा तुकडाही बसला. तेवढाच भाग २२०, ३२० आणि ४०० ने घासला, फळी सांगाड्यावर लावून, धातूवर चिकटपट्टीचे दोन थर मारून. बाकी कुठे सँडपेपर लागला नाही, काका. शपथ.

आता वॉर्निश?

जुनाकानस

वॉर्निश चौकडीत साचतं आणि तीन रात्रींची मेहनत बुजवून टाकतं. तेल. बॉइल्ड लिन्सीड म्हणून मिळतं ते जवसाचं तेल घे. नाव उकळलेलं असलं तरी त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. स्वयंपाकघरातलं अळशीचं तेल लावशील तर आठवडे ओलं राहील.

तेल आणि टर्पेंटाइन निम्मेनिम्मे करून पहिला हात. पंधरा मिनिटांनी पुसून घे. अगदी कोरडं पुस, राहिलेलं तेल चिकट साय धरतं. चौकडीतलं कोरड्या टूथब्रशने काढ. दिवसाला एकच हात, असे पाच-सहा. आतल्या बाजूलाही एक पातळ हात, आकडे सोडून. एकच बाजू बंद केली तर ओल दुसरीकडून शिरते आणि फळी वाकते.

आणि हे ठळक अक्षरांत समज: तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना गरम होतं. बोळा केला तर उष्णता आतच कोंडते आणि काही तासांत फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून कडक वाळव, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडव.

शिसवी

तेलच बरोबर. मूळची लाख होती म्हणून लाखच हवी असं कोणी म्हणेल, पण हल्ली सगळे हाताला सॅनिटायझर चोळतात. त्यातलं स्पिरिट लाखेला लागलं की मूठ हाताला चिकटते. माझ्या एका चाकूचं झालंय.

खिटी

सहा हात झाले, वर मेण. मूळचा रंग आत कुठेतरी दडला होता तो आला. जोडलेला तुकडा अजून एक छटा फिका आहे. आणि स्पिरिटने पुसलेल्या पोच्याच्या जागी वळवून बघितलं तर किंचित वेगळी चमक.

मामांनी हातात घेऊन आधी अंगठ्याने ती आडवी खाच शोधली. "ही का नाही बुजवलीस?" म्हणाले. मी म्हटलं, तंतू तुटलेत. "हं," म्हणून कपाटात ठेवून आले. परत येऊन मला विचारलं, तेल महिन्याला चार थेंब जास्त होतं का रे?

जुनाकानस

फिक्या तुकड्याला आत्ताच रंग लावू नकोस. जुनं आणि नवं अक्रोड उजेडात वेगवेगळं बदलतं, सहा महिन्यांनी बघ. मामांना सांग, थेंब मोजायचे नाहीत. कापडाला तेल लावायचं आणि कापड पोलादाला.

आडोसा

माझ्याकडच्याची मूठ लाकडी नाही, काळ्या कडक रबराची आहे आणि तपकिरी पडलीय. हीच कृती चालेल?

जुनाकानस

अजिबात नाही. ॲसिटोन नको, गरम पाणी नको, ऊन तर मुळीच नको. नवा धागा काढा, तिथे येतो.